मद्रासी, घाटी आणि आपला पेपर

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलंय की हल्ली कुणाला काय म्हणायचं तेच कळत नाही, आमच्या वेळी असले चोचले नव्हते. साठी मीही ओलांडलीये. चोचले तेव्हाही होते हो, फक्त ज्यांना नावं ठेवली जायची त्यांची पत्रं कुणी छापत नव्हतं.

मी जन्मापासून रास्ता पेठेतला. वाड्यात वरच्या मजल्यावर एक कुटुंब होतं, आमच्यासाठी ते मद्रासी. मूळचे पालघाटचे, म्हणजे केरळचे, आणि केरळ १९५६ लाच वेगळं राज्य झालेलं, खुद्द मद्रास राज्याचंही १९६९ ला तामिळनाडू झालं, पण आमच्या लेखी कोपऱ्यावरचा उडपीवाला काय आणि बँकेतले तेलुगू साहेब काय, सगळे मद्रासीच. त्या मामींनी एकदा आईला सरळ विचारलं, तुमच्या लोकांना मुंबईत घाटी म्हणतात ते आवडतं का तुम्हाला? आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात मद्रासी शब्द बंद, पालघाटच्या मामी सुरू.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनाही असंच शनवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. शिवी नव्हती ती, पण ते स्वतःला असं म्हणत नव्हते ना!

आता मोठी गोष्ट, आणि तिच्यात आपलं पुणं आहेच. येरवड्याच्या तुरुंगात १९३२ ला पुणे करार झाला तेव्हा त्यात अस्पृश्य मानलेल्यांसाठी 'डिप्रेस्ड क्लासेस' असा शब्द होता, पुढच्याच वर्षी गांधीजींचं हरिजन साप्ताहिक पुण्यातूनच निघालं, आणि १९३५ च्या कायद्यात तेच लोक 'शेड्यूल्ड कास्ट' झाले. म्हणजे तीन-चार वर्षांत तीन नावं, आणि काका म्हणतात हे हल्लीचं खूळ आहे. हरिजन शब्द चांगल्या मनाने दिला होता, मला त्यात शंका नाही. पण तो दुसऱ्याने दिलेला होता. १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात तो कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे आमदार उठून बाहेर गेले. दलित शब्दाचं तसं नाही, १९७२ ला दलित पँथरच्या पोरांनी तो स्वतःच्या नावावर छाती काढून लावला. तरी माझ्या ऑफिसातले एक मित्र म्हणायचे, मला दलित नको, बौद्ध म्हण. मग मी बौद्ध म्हणायला लागलो, त्यात माझं काय गेलं? (सुरुवातीला जीभ अडखळायची, खोटं कशाला बोलू.)

आणि आत्ताचं बघा. ईशान्येकडून शिकायला आलेल्या पोरापोरींना रस्त्यावर चिंकी म्हणतात, २०१२ ला केंद्राच्या गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं की यावर अॅट्रॉसिटी लावा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्यावर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि ही पोरं पुणे स्टेशनवरून गाड्या भरभरून घरी गेली. कायद्याने शब्द थोडा दबला असेल, पण आमच्या गल्लीतल्या टपरीवर अजून ऐकू येतो, आणि तिथं टोकलं की लोक म्हणतात अहो काका प्रेमानं म्हणतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही शिवी छापत नाही हे खरं, पण 'परप्रांतीय मजूर' आणि 'ईशान्येकडील तरुणी' रोज छापता. सोलापूरच्या पोराला पोलिसांनी धरलं तर 'दख्खनी तरुण अटकेत' असं लिहिता का? राज्य लिहा, जमलं तर गाव लिहा, आणि बातमीशी संबंध नसेल तर दोन्ही गाळा. मागच्या आठवड्यात पाच नंबरच्या पानावर तुमची जी 'ईशान्येकडील तरुणी' होती, स्कूटरवरून पडलेली, ती आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. मिझोरामची आहे, आयझॉलची. प्लास्टर अजून निघालेलं नाही.

– एक वाचक, रास्ता पेठ, पुणे