मँगनीज भंडाऱ्याचे, बॅटरीचा कच्चा माल मात्र परदेशी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बॅटरीनिर्मितीला केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या प्रोत्साहनाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेली चर्चा वाचली. ती जवळजवळ सगळी सेलच्या, म्हणजे बॅटरीत जोडल्या जाणाऱ्या मूळ घटकांच्या, मोठ्या कारखान्यांभोवती फिरते. मी तुमसर तालुक्यातील धान उत्पादक शेतकरी आहे आणि बॅटरीला लागणाऱ्या खनिजांपैकी एक खनिज आमच्याच परिसरातून निघते, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये बॅटरीच्या सेलसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिची तरतूद १८,१०० कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट वर्षाला ५० गिगावॅट-तास वीज साठवू शकतील इतके सेल बनविण्याच्या क्षमतेचे आहे. माल तयार होऊन विकला गेल्यावरच अनुदान द्यायचे, ही त्यातील अट मला योग्य वाटते, कारण केवळ भूमिपूजन करणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. परंतु करार झालेल्या कंपन्यांना ठरल्या मुदतीत ठरलेली क्षमता उभी करता आली नाही, हेही तितकेच खरे आहे. यंत्रे चीनची, ती बसवून देणारे तंत्रज्ञही चीनचे आणि त्यांच्या व्हिसाला लागणारा वेळ वेगळाच, अशी कारणे पुढे आली. योजनेतील दुसरी अट माझ्या मते अधिक अवघड आहे. दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के मूल्यवर्धन देशातच झाले पाहिजे, असे ती सांगते. सेलमधील सर्वांत खर्चिक भाग कॅथोडचा, म्हणजे धन ध्रुवाचा, असतो आणि कॅथोडला लागणारी शुद्ध रसायने आपण बाहेरून आणणार असू, तर हे ६० टक्के कोठून भरून निघणार आहेत?

येथे आमच्या जिल्ह्याचा संबंध येतो. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण गोबरवाही गावाच्या पुढे, तुमसर-तिरोडी रेल्वेमार्गालगत आहे. ‘मॉइल’ या नागपूरस्थित सरकारी कंपनीच्या या खाणीतील मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला जात आले आहे. खाणीजवळच विद्युत-अपघटनाने, म्हणजे द्रावणातून वीज सोडून, शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारे कंपनीचे संयंत्रही आहे. या प्रक्रियेत खनिजावर आधी भट्टीत प्रक्रिया करतात, ते गंधकाम्लात विरघळवतात, त्यातील लोह आणि इतर अशुद्ध द्रव्ये काढून टाकतात आणि मग उरलेल्या द्रावणातून वीज सोडतात. हे मधले द्रावण मँगनीज सल्फेटचे असते. लिथियम बॅटरीच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या कॅथोडला लागते ते याच सल्फेटचे अतिशुद्ध स्फटिकरूप. अर्थात पुढचे शुद्धीकरण सोपे नाही, कारण तेथे अशुद्धी दशलक्षात काही भाग इतकीच चालते. पण प्रक्रियेचा निम्मा मार्ग आमच्या तालुक्यात आजही रोज चालला जातो, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांच्या गावी नसावी असे वाटते.

असे वाटण्याला कारण आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली, तिच्यात मँगनीज नाही. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींच्या खर्चाचे जे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले, तेही अत्यावश्यक खनिजांसाठीच आहे. मँगनीज वगळण्यामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. खनिज देशात आहे, पोलाद कारखान्यांना ते मिळते, मग चिंता कशाची? मात्र बॅटरीच्या कारखान्याला दगड लागत नाही, बॅटरीच्या प्रतीचे रसायन लागते आणि त्याचे जगातील बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते. चीनने २०२३ च्या अखेरीस बॅटरीलाच लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि जुलै २०२५ मध्ये कॅथोड बनविण्याच्या काही तंत्रज्ञानावर निर्यात-नियंत्रण आणले. उद्या या सल्फेटची पाळी येणार नाही, असे कोणी सांगावे?

सध्या लिथियमच्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांचा बोलबाला आहे आणि त्यांत मँगनीज नसते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच प्रकारात मँगनीज मिसळून ऊर्जाघनता वाढविलेल्या बॅटऱ्या बाजारात येऊ लागल्या आहेत आणि सोडियम-आयन बॅटरीच्या काही प्रकारांतही मँगनीज आहे. म्हणून या रसायनाच्या शुद्धीकरणासाठी प्रोत्साहन योजनेत स्वतंत्र, आकाराने लहान असा हिस्सा असावा, अशी माझी मागणी आहे. एका कारखान्याला किमान पाच गिगावॅट-तासांची अट घालणाऱ्या चौकटीत रसायनाचा मध्यम उद्योग बसूच शकत नाही.

अनुदानाइतकाच विजेचा दर महत्त्वाचा आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तुमसर परिसरातील फेरो मँगनीजचा मोठा कारखाना वीजबिलाच्या थकबाकीपायी बंद पडला आणि त्याच्या भरवशावर असलेली कुटुंबे नागपूर-रायपूरकडे गेली. विद्युत-अपघटनाचा उद्योगही विजेवरच जगतो. चंद्रपूर आणि कोराडीची वीज राज्यभर जाते, तिच्या राखेचा वाटा मात्र विदर्भाकडे राहतो; तेव्हा येथील खनिज-प्रक्रियेला सवलतीचा दर मागणे गैर नाही.

सरकार स्वतः बॅटरीचे मोठे गिऱ्हाईक आहे, याकडेही लक्ष वेधतो. राज्याच्या कृषी विभागाने २०२४ मध्ये कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना महाडीबीटीवरून १०० टक्के अनुदानावर बॅटरीचे फवारणी पंप दिले. असा साधा पंप फवारणी संपली की कोठ्यात पडून राहतो, महिनोन्‌महिने चार्ज न केल्याने त्यातील शिसे-आम्ल बॅटरी खराब होते आणि पुढच्या पावसाळ्यात दोन टाक्यांतच दम सोडते. आमच्या धानपट्ट्यात धान निसवला की रानडुकरांसाठी धुऱ्यावर तार ओढून झटका मशीन लावतात. त्याच्या पेटीतली १२ व्होल्टची बॅटरी ऐन हंगामात बसली, तर शेतकऱ्याला बांधीवर जागल करावी लागते. दुकानात मिळणाऱ्या पर्यायी बॅटऱ्यांपैकी कित्येकांवर निर्मितीची तारीखही नसते. सरकारी खरेदीत आणि अनुदानित अवजारांत देशी सेल व किमान आयुष्याची लेखी हमी, अशा दोनच अटी घातल्या, तरी लहान बॅटरीपॅक जोडणाऱ्या उद्योगाला खात्रीची मागणी मिळेल आणि आम्हालाही दरवर्षीचा भुर्दंड पडणार नाही.

जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. गावात येणारा भंगारवाला शिशाची बॅटरी किलोवर घेतो. लिथियमची घ्यायला मात्र कोणी तयार नसतो.

शेवटी एक अट आमच्या बाजूने. मँगनीज सल्फेटच्या कारखान्यातून आम्लयुक्त सांडपाणी आणि गाळ निघतो. बावनथडी नदी येथून जवळ आहे आणि ती पुढे वैनगंगेला मिळते. प्रक्रिया-उद्योग आमच्याकडे यावा, ही मागणी करताना त्याचे सांडपाणी कारखान्यातच शुद्ध करून पुन्हा वापरण्याचे बंधन मंजुरीपत्रात आणि अनुदानाच्या करारात असावे व त्याच्या तपासणीचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला जावा. मँगनीजला अत्यावश्यक खनिजांच्या यादीत स्थान मिळावे, यासाठी भंडारा आणि नागपूरच्या खासदारांनी खाण मंत्रालयाकडे काय पाठपुरावा केला, हे आपल्या वार्ताहरांनी त्यांना विचारून प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक धान उत्पादक वाचक
ता. तुमसर, जि. भंडारा