सायकलचे नुकसान पाचशेच्या नोटेत मिटवू नका

मा. संपादक,

पहाटे अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सकडे निघणाऱ्या सायकली नागपुरात आता बऱ्याच दिसतात. त्यांना मोटारीचा धक्का लागला की पुढचे सगळे ठरलेले असते. चार लोक जमतात, टोंगळा फुटला का तेवढे बघतात, गाडीवाला पाचशेची नोट काढतो, कोणीतरी 'जाऊ द्या ना साहेब' म्हणतो आणि विषय संपतो. खरे नुकसान दोन दिवसांनी सायकल दुकानात आल्यावर कळते.

धडक समोरून असेल तर सगळ्यांची नजर आउट झालेल्या, म्हणजे डगमगत फिरणाऱ्या, चाकावर जाते. थोडे आउट असेल तर ते स्पोक आवळून निघते, फार तर रिम बदलावी लागते. मोठा खर्च असतो तो चिमट्याचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचा, आणि फ्रेमचा. सायकल बाजूने, थोडी लांबून बघा. चिमटा मागे दबला असेल तर पुढचे चाक फ्रेमच्या जवळ सरकलेले दिसते, आणि पूर्वी न लागणारे बुटाचे टोक वळताना चाकाला लागू लागते. मग हँडलखालच्या उभ्या नळीला खालचा दांडा जिथे जोडला आहे, तिथे खालच्या अंगाने बोट फिरवा. रंगाला सुरकुती, बारीक तडा किंवा फुगवटा हाताला लागला तर फ्रेम गेली समजा. लोखंडी फ्रेम चांगला कारागीर सरळ करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची वाकवून सरळ केली तर त्याच जागी कमजोर होते आणि पुढे एखाद्या खड्ड्यात अचानक तुटते. वाकलेल्या अ‍ॅल्युमिनियम हँडलचेही तसेच, ते बदलायचेच. कार्बनच्या फ्रेमवर वरून ओरखडाही नसतो आणि आतले थर सुटलेले असतात. सायकल उजवीकडे पडली असेल तर मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा, हँगर (तो ज्यावर टांगलेला असतो ती पट्टी) आत वाकतो, आणि चढावर सर्वांत हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो. रस्त्यावर सायकल उचलून दोन पायडल मारून 'ठीक आहे' म्हणण्यात यातले काहीच कळत नाही. हेल्मेट आपटले असेल तर तेही खर्चात धरा, आतला फोम एकदा दबला की त्याचे काम संपले.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. सायकल ही मालमत्ताच. 'सायकलला कुठे विमा असतो' हे उत्तर म्हणूनच चुकीचे आहे, प्रश्न मोटारीच्या विम्याचा आहे. खाजगी मोटारीला अशा मालमत्तेच्या भरपाईची मर्यादा साधारण साडेसात लाख रुपये असते, मात्र काही मालक थोडा हप्ता वाचवायला ती ६,००० वर आणून ठेवतात. तसे असेल तर वरची रक्कम मालकाकडूनच घ्यावी लागते. चालक बहुधा बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल म्हणून विम्याचे नाव काढत नाही. त्याला सांगा, नो क्लेम बोनस स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीच्या दाव्याशी बांधलेला असतो, थर्ड पार्टीच्या दाव्याशी नाही.

एक सांभाळा: पोलीस ठाण्यात 'माझी काहीही तक्रार नाही' असा अर्ज लिहून देऊ नका. जखम नसली तरी नोंद करून प्रत घ्या. त्यानंतर दुकानाच्या लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या. 'दुरुस्ती – ८,०००' अशी एक ओळ चालत नाही. चिमटा, रिम, टायर, हँगर असा एकेक भाग मापासह, मजुरी वेगळी, आणि पायडलच्या नळीखाली कोरलेला फ्रेम नंबर हवा. मूळ खरेदीचे बिल जोडा. झिजलेल्या टायरचे नव्याइतके पैसे मागू नका, त्याने बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. तुटलेले भाग भंगारात देऊ नका, विमा कंपनीचा सर्व्हेअर बघायला मागू शकतो.

हे सगळे गाडीमालकाला स्पीड पोस्टाने पाठवा. दहा-पंधरा हजारांपर्यंतचा मामला बहुतेक वेळा इथेच सुटावा, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे आम्हाला तरी परवडणारे वाटत नाही. महागडी सायकल असेल तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करता येतो, कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. नुकसान २,००० रुपयांहून जास्त असेल तर दिवाणी न्यायालयाचाही पर्याय आहे. दोन्हीकडे तुमचीही चूक मोजली जाते. अंधारात दिवा नव्हता किंवा उलट्या बाजूने येत होता, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. रिंग रोडवर उलट येणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

गाडी पळून गेली तर मात्र हात टेकावे लागतात. सरकारची हिट अँड रन भरपाई फक्त मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी आहे, सायकलसाठी त्यात दमडी नाही. म्हणून सायकल उचलण्याआधी मोबाइल काढा. एमएच ३१, ४० की ४९ आणि पुढचा पूर्ण नंबर दिसेल असा फोटो घ्या, आणि जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण त्याच दिवशी मागा, काही दिवसांत त्यावर नवे चढते.

– सायकल दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, नागपूर