बदलाचंही एक कार्ड हवं

महोदय,

‘21 दिवसांत सवय लावा’ या धाटणीचे सल्ले पुरवण्यांमधून सतत वाचायला मिळतात. पहाटे उठा, दिवस तासातासांत वाटून घ्या, एकही दिवस चुकवू नका. आमच्या घरी हे दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा फसलं. मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जातं. तिला आजचा दिवस कालच्यासारखाच लागतो. मला कालचं आज आठवलं तरी पुष्कळ.

आधी त्या 21 बद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा 2010 मध्ये छापून आलेला अभ्यास सांगतो, की सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले आणि माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही. तो अभ्यास काही एडीएचडी असलेल्यांचा नव्हता, तरी मला त्याने हायसं वाटलं.

घड्याळाला बांधलेलं काम माझ्याकडून सुटतं. एका कामाला दुसरं बांधलं तर बहुतेक वेळा टिकतं. दात घासले की गोळी, गोळी झाली की अंघोळ. मग सात वाजोत की आठ. गोळ्यांची डबी मात्र ब्रशशेजारीच हवी. कपाटात गेली की माझ्या लेखी ती नाहीच. शिवाय माझ्याकडे दोन याद्या आहेत: एक बऱ्या दिवसाची, एक थकलेल्या दिवसाची. दुसरीत तीनच कामं. नातेवाईक तिला आळसाची यादी म्हणतात, पण तिच्यामुळेच पहिली यादी दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेता येते.

मुलीचं वेगळं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 स्वमग्न मुलांची निरीक्षणं मांडली, त्यातच सगळं जसंच्या तसं राहावं या ओढीची नोंद आहे. तिच्या फळ्यावर चित्रांची कार्डं क्रमाने लावलेली असतात, काम झालं की ती कार्ड काढून टाकते. खरी अडचण बेत बदलला की होते. त्यासाठी ‘बदल’ असं वेगळं कार्ड केलं आणि घोळ घातला: ते पहिल्यांदा लावलं पोहायचा तास रद्द झाला त्या दिवशी. तिने ते फाडलं. मीही फाडलं असतं! नवं कार्ड मग कित्येक आठवडे फक्त आवडीच्या बदलांसाठी वापरलं, अभ्यासाऐवजी झोपाळा वगैरे. आता नावडता बदल आला तर रडते, पण फळ्यापाशी जाऊन पुढचं कार्ड कोणतं ते बघते.

शाळेला माझी एकच विनंती असते: तास बदलणार असेल तर आदल्या संध्याकाळी एका ओळीत कळवा. ‘तिला सवय व्हायला हवी,’ असं उत्तर येतं. कधीतरी ती ओळ येते. मग रात्री लावायचं विसरू नये म्हणून मी ते कार्ड आधी माझ्या उशीवर ठेवते.

– एक वाचक