पुस्तकाच्या खाली परीक्षेचा कोडपण छापा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या सोमवारी आपल्या पुरवणीत "जावा २१ शिका, सर्टिफिकेट मिळवा" असं मोठ्ठं हेडिंग देऊन पाच पुस्तकांची कव्हरं छापून आली, खाली एकेक ओळ, हे सर्वोत्तम, ते सोपं, हे जाड पण उपयोगी वगैरे. चहा पिता पिता वाचलं आणि आधी बरंच वाटलं, कारण सॉफ्टवेअर म्हणलं की पेपरात एकतर पॅकेजची बातमी येते नाहीतर नोकरकपातीची, जावासारखी प्रोग्रॅम लिहायची भाषा घ्या, तिचा अभ्यास कसा करायचा यावर कोण लिहीत नाही. पण नंतर ती पाच कव्हरं चष्मा लावून बघितली आणि म्हणलं आता पत्र लिहायलाच पाहिजे. पाचातल्या एकाही पुस्तकाखाली ते कुठल्या परीक्षेचं आहे हे लिहिलेलंच नाही. म्हणजे दहावीचं गाईड घ्या म्हणायचं आणि विषय सांगायचा नाही असं झालं की हे.

मी गावभागात राहते. इंजिनिअरिंग इथंच सांगलीत झालं, मग पुण्यात पाचसहा वर्षं नोकरी, मग लग्न, पोरं, सासूबाईंचं आजारपण, यात आठनऊ वर्षं एक ओळ कोड लिहिला नाही. आता पोरं मोठी झाली तर परत सुरुवात करायची म्हणून जावाचं सर्टिफिकेशन करायचं ठरवलं. कॉलेजात असताना २००९ ला मी एससीजेपी, म्हणजे जावाची सर्टिफिकेट परीक्षा केली होती, तेव्हा ती सन कंपनीची होती, २०१० च्या जानेवारीत सन ओरॅकलनं घेतली आणि पुढं परीक्षांची नावंपण बदलली, त्यामुळं आता इंटरव्ह्यूत एससीजेपी म्हणलं की समोरचं पोरगं असं बघतं जसं मी पर्समधून चार आण्याचं नाणं काढलंय.

तर त्या वेळचं माझं गाईड, विटेएवढं जाड, अजून घरात आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ते खालच्या कप्प्यात होतं, चिखलानं पार भरलं, नंतर गच्चीवर गाद्यांशेजारी ठेवून वाळवलं. पानं फुगून आता ते दोन विटेएवढं झालंय. त्या पुरात आपल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली आणि माझं हे एक वाचलं म्हणून टाकवत नव्हतं, आणि हीच माझी पहिली चूक. मी म्हणलं बेसिक कुठं बदलतंय, नवीन कशाला घ्यायचं, आणि त्याच्यावरच अभ्यास सुरू केला. पोरं शाळेत गेली की दोन तास, दीड महिना. एक दिवस सहज एका सरावाच्या प्रश्नाचं उत्तर मशीनवर चालवून बघितलं. गाईड म्हणतंय स्विचमध्ये, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडतात तिथं, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा मजकूर चालत नाही, कंपाईल एरर येतो, म्हणजे मशीन कोड घेतच नाही. मशीन म्हणतंय चालतंय की. कारण जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून ते चालतं. माझं गाईड जावा ६ चं. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं बिचारं.

मग मी आधी जे करायला पाहिजे होतं ते केलं, ओरॅकलच्या साईटवर जाऊन परीक्षेच्या टॉपिकची यादी काढली. ती फुकट असते, लॉगिनपण लागत नाही. आणि बघते तर निम्मे शब्द ओळखीचे नाहीत. व्हार, टेक्स्ट ब्लॉक, रेकॉर्ड, सील्ड क्लास, मॉड्यूल. आमच्या वेळी जावाची नवीन आवृत्ती यायची तर वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची, जावा ८ आलं मार्च २०१४ ला आणि ९ आलं थेट सप्टेंबर २०१७ ला. त्यानंतर मात्र दर मार्च आणि दर सप्टेंबरला नवीन आवृत्ती, उसाच्या हप्त्यापेक्षा वेळेवर. व्हार आलं १० मध्ये, टेक्स्ट ब्लॉक पक्के झाले १५ ला, रेकॉर्ड १६ ला, सील्ड क्लास १७ ला. त्यातल्या मोजक्याच आवृत्त्या कंपन्या बरीच वर्षं वापरतात, ८, ११, १७, २१ यांसारख्या, आणि परीक्षापण तसल्यांवरच.

आता परीक्षेच्या कोडनंबरचं सांगते, कारण सगळा घोळ तिथं आहे. जावा ८ ला दोन परीक्षा, १झेड०-८०८ आणि ८०९. जावा ११ ला आधी ८१५ आणि ८१६ अशा दोन काढल्या आणि २०२० मध्ये त्यांची एकच करून ८१९ केली. जावा १७ ला ८२९. जावा २१ ला ८३०. पुस्तक या कोडसाठी लिहिलेलं असतं, "जावा" साठी नाही. कव्हरं दिसायला सारखीच, लेखक बऱ्याचदा तेच, रंगपण जवळपास सारखा, आणि दुकानदाराला यातलं काय माहिती असणार, तो म्हणतो ताई जावाचंच आहे ना मग झालं तर. ८१५ ची पुस्तकं अजून दुकानात पडून आहेत, मी स्वतः बघितली, धूळ झटकून पुढं ठेवतात.

माझ्या बहिणीचा मुलगा तासगावचा, त्यांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचे पैसे आले तेव्हा भावजींनी त्याला पुस्तकासाठी दोन हजार काढून दिले. हा पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेला आणि सगळ्यात जाड पुस्तक घेऊन आला. का तर जाड आहे म्हणजे सगळं असणार. ते निघालं ८०९ चं, आणि यानं परीक्षा धरलीय ८२९. परत घेत नाहीत. तसं त्यातलं इनहेरिटन्स, लॅम्बडा, कलेक्शन हे टॉपिक बऱ्यापैकी चालतात, अगदी वाया गेलं असं नाही, पण मॉड्यूल नाही, रेकॉर्ड नाही, नवीन स्विच नाही. परीक्षेची फी दहा हजारांच्या वर जाते, त्यात हा धोका कशाला घ्यायचा.

मग त्यानं दुसरा मार्ग काढला. "मावशी, मिळालं, ग्रुपवर पीडीएफ आहे" म्हणून बरोबर कोडचं पुस्तक घेतलं आणि झेरॉक्सवाल्याकडनं स्पायरल बायंडिंग करून आणलं, मलापण एक. पायरसी वाईट वगैरे मी त्याला सांगितलं, त्यानं ऐकल्यासारखं केलं. पण खरी गंमत पुढं. ते कुणीतरी स्कॅन केलेलं, त्याची झेरॉक्स, म्हणजे कॉपीची कॉपी. एका प्रश्नात माझं उत्तर कंपाईल एरर, कारण ओळीच्या शेवटी सेमीकोलन, म्हणजे अर्धविराम (;) नाही. गाईडचं उत्तर, ५ प्रिंट होतं. मी अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी पान उजेडात धरलं तर तिथं सेमीकोलनच्या जागी एक फिकट ठिपका, माशी बसून गेल्यासारखा. ज्या परीक्षेत सेमीकोलन आहे का नाही यावरच मार्क जातात तिथं असली झेरॉक्स घेऊन बसणं म्हणजे फिकट फोटो दाखवून मुलगी पसंत करण्यातला प्रकार. दुसऱ्या दिवशी मी पैसे भरून खरी ई-कॉपी घेतली.

खरंतर आपल्या सांगलीतल्या कुठल्यापण अभ्यासिकेत जाऊन बघा, एमपीएससीची पोरं काय करतात. आधी सिलॅबस, तो भिंतीला चिकटवायचा, मग मागचे पेपर बघायचे, मग चार जणांना विचारून पुस्तक, आणि तेपण कितवी आवृत्ती हे विचारून. राज्यव्यवस्थेचं जुनं पुस्तक कुणी घेतलं तर शेजारचा पोरगा हसतो. आणि हीच पोरं कंटाळून आयटीकडं वळली की जावाचं पुस्तक कव्हर बघून घेतात, का तर इंग्लिश पुस्तक आहे, मोठ्या कंपनीचं आहे, त्याला कशाला तपासायचं असा एक दबाव बसतो मनावर. माझंपण तेच झालेलं.

कोड जुळला म्हणजे पुस्तक चांगलं असंपण नाही. मी आता दुकानात उभ्या उभ्या एक करते. सरावाच्या प्रश्नांची उत्तरं जिथं दिलीत ते पान उघडते. काही गाईडं नुसतं "उत्तर बी" लिहून मोकळी. चांगलं गाईड ए का चूक, सी का चूक, डी कुठं फसवतंय हे सगळं सांगतं. उदाहरण द्यायचं तर इंटिजरचं. दोन इंटिजर व्हेरिएबल, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या दोन जागा घ्या, दोन्हीत १२७ घाला, दोन बरोबर चिन्हं (==) लावून तुलना करा, ट्रू येतं. दोन्हीत १२८ घाला, फॉल्स. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं. कारण असं की उणे १२८ ते १२७ पर्यंतचे आकडे जावा आधीच तयार करून ठेवतं आणि सगळ्यांना तेच वापरायला देतं, त्याच्यापुढं गेलं की साधारणपणे प्रत्येक वेळी नवीन वस्तू बनवतं, आणि ती दोन चिन्हं आकडा नाही, वस्तू एकच आहे का ते बघतात. हे ज्या पुस्तकात समजावलंय ते घ्या, ज्यात नुसतं "लक्षात ठेवा" लिहिलंय ते ठेवून द्या.

भाच्याला स्ट्रिंगचं असंच शिकवलं. म्हणलं एक स्ट्रिंग आहे "सांगली", तिला कॉनकॅट करून "मिरज" जोडली आणि पुढच्या ओळीत ती स्ट्रिंग प्रिंट केली, काय येईल? तो म्हणाला सांगलीमिरज. म्हणलं नाही, सांगलीच. जोडलेली नवीन स्ट्रिंग कशात तरी ठेवायला लागते, जुनी बदलत नाही. १९९८ ला ही दोन गावं महापालिकेनं जोडून टाकली ती गोष्ट वेगळी. आता तो हे कधी विसरणार नाही.

सरावाच्या पेपरचं एक बघायचं, ८२९ ला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, ६८ टक्के लागतात म्हणजे ३४ बरोबर. एका प्रश्नाला दोन मिनिटंपण नाहीत, आणि प्रश्नात वीस पंचवीस ओळींचा कोड. त्यामुळं वेळ लावून सोडवायचे पेपर नसलेलं गाईड कितीपण गोड भाषेत लिहिलेलं असूदे, अर्धंच. माझ्या पहिल्या पेपरला ९० मिनिटांत ३१ प्रश्नच झाले, कुकरच्या शिट्ट्या धरून.

अजून एक, प्रत्येक पुस्तकात चुका असतात आणि चांगले प्रकाशक त्यांची यादी साईटवर टाकतात, इरेटा म्हणतात त्याला. पुस्तक घेतलं की पहिल्या दिवशी ती यादी काढून पेन्सिलीनं सगळ्या दुरुस्त्या करून घ्यायच्या, एक संध्याकाळ जाते पण पुढचे भांडणाचे दिवस वाचतात. मी २१ सोडून १७ ची परीक्षा धरली त्यात हेपण एक कारण आहे. १७ ची पुस्तकं चार लोकांच्या हाताखालून गेलीत, चुका सापडून झाल्यात. नवीन पुस्तकाची पहिली आवृत्ती म्हणजे नवीन मॉडेलची गाडी, दुसऱ्याला आधी चालवूदे. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी २१ करावी, त्यात व्हर्च्युअल थ्रेड वगैरे नवीन सोयी चांगल्या आहेत.

डम्पबद्दल आपल्या पुरवणीत काहीच नव्हतं म्हणून लिहिते. परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे म्हणून पीडीएफ फिरतात, पाठ करा आणि पास व्हा. परीक्षेआधी आपण जो करार मान्य करतो त्यात प्रश्न बाहेर न्यायचे नाहीत असं असतं, आणि पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. पण ते सोडा, त्यातली उत्तरंच कितीतरी चुकीची असतात, कुणीतरी आठवून लिहिलेली. शाळेत आपण "अपेक्षित" वाचून पास झालो ती सवय जात नाही, दुसरं काय. कॉलेजमधल्या एका मुलीनं मला तिचा डम्प दाखवला, त्यातला एक कोड आम्ही दोघींनी मशीनवर चालवला, उत्तर तिसरंच आलं. ती बराच वेळ गप्प होती.

आणि ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांना, टॉपिकची यादी फुकट, ओरॅकलचं काही शिकायचं साहित्य फुकट, जावा स्वतः फुकट, आणि जावा ९ पासून जेशेल आहे, त्यात एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघता येतं. गाईडमधली प्रत्येक शंका तिथं टाकून बघायची. सर्टिफिकेटनं नोकरी लागते का असं मला बिल्डिंगमधल्या तीन आयांनी विचारलं, मी सांगितलं नुसत्या त्याच्यावर नाही लागत. माझ्यासारखीला एवढंच की आठनऊ वर्षांच्या गॅपबद्दल विचारलं तर पुढं ठेवायला एक कागद असेल, आणि दुपारी झोप न काढता बसायची सवय लागली.

तर साहेब, मागणी फार मोठी नाही. येत्या सोमवारच्या पुरवणीत त्या पाच पुस्तकांची यादी परत छापा आणि प्रत्येकाखाली एक ओळ वाढवा, परीक्षेचा कोड कुठला, जावा कितवं, आवृत्ती कुठल्या वर्षाची. जागा कमी पडली तर "सर्वोत्तम", "सोपं" ते काढा, चालेल. तिसऱ्या नंबरचं पुस्तक कुणी घेऊन येईपर्यंत तरी थांबू नका, ते ८०८ चं आहे, आणि वर हेडिंग आपण जावा २१ चं दिलंय.

आपली,
एक नियमित वाचक,
गावभाग, सांगली