हॉल तिकीट पहिल्या पानावर हवे

महोदय,

परीक्षेच्या आठवड्यात विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या अ‍ॅपमध्ये हॉल तिकीट, वेळापत्रक आणि केंद्र एवढेच हवे असते. पहिल्या पानावर मात्र समारंभांचे फोटो सरकत असतात! अ‍ॅप नव्याने करताना नुसते रंग बदलू नयेत. धडगाव, मोलगीकडे सातपुड्यात रेंज येते-जाते. तिथे एकदा उघडलेले हॉल तिकीट नेटशिवायही दिसावे, आणि अर्ध्यावर तुटलेला परीक्षा अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायला लावू नये. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर ‘प्रलंबित’ असे स्पष्ट लिहावे. नाहीतर पोरे घाबरून दुसऱ्यांदा भरतात. बटणेही मोठी हवीत, अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरचे माप; म्हणजे साधारण ९ मिलिमीटर) आहे. आणि चाचणी विद्यापीठाच्या जळगावातल्या वायफायवर नको, अक्कलकुव्याच्या एसटी स्टँडवर, जुन्या फोनवर घ्या.

— एक पालक, शहादा