वृद्धाश्रम पाहायचा तर रात्री पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपंधरवडा आणि १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन मागेपुढेच येतात. त्या दिवसांत वृद्धाश्रमांच्या दारात गाड्या उभ्या राहतात, खीर-वड्यांची जेवणे होतात, भजनी मंडळे येतात आणि वर्तमानपत्रांत बाग, कॅरम आणि हसऱ्या आजी-आजोबांची छायाचित्रे छापून येतात. आई-वडिलांसाठी जागा शोधणारी मुलेही सकाळी अकराच्या सुमारास येतात. फरशी चकचकीत आहे का, खोलीला खिडकी आहे का, जेवणात गोड असते का, एवढे पाहून अनामत रक्कम भरतात. यात चूक काही नाही, पण अकरा वाजता कुठलाही वृद्धाश्रम बराच दिसतो. त्याची खरी परीक्षा संध्याकाळी सात ते सकाळी सात या बारा तासांत होते आणि नेमके तेच कोणी पाहत नाही.

आधी जेवणाचे बघू. बहुतेक ठिकाणी रात्रीचे जेवण साडेसहा-सातला उरकते, कारण स्वयंपाकाच्या बाईंना आठच्या आत घरी जायचे असते. सकाळचा नाश्ता आठला. मधले तेरा तास पोटात काही नाही, सहाचा चहा सोडला तर. तरुण माणसाला हे चालून जाते. संध्याकाळच्या जेवणाआधी मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना चालत नाही. त्या इन्सुलिनमधला लांब टिकणारा भाग मध्यरात्रीनंतर जोर धरतो. त्यात जेवण अर्धेच झाले असेल, तर एक-दोनच्या सुमारास रक्तातली साखर उतरते. अंगाला गार घाम, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे असतात. दिवसा ती कोणाच्याही ध्यानात येतात. रात्री मात्र ‘बाबा झोपेत बडबडतात’ म्हणून पांघरूण नीट केले जाते आणि दिवा बंद होतो.

साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर अर्धा कप पाण्यात द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, वर आली की दूध-बिस्किट द्यायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा. हे रात्रपाळीच्या मावशींना पाठ हवे आणि ग्लुकोमीटर त्यांच्या हाताशी हवे. पुष्कळदा ते कार्यालयाच्या कपाटात असते आणि किल्ली व्यवस्थापकांच्या खिशात, त्यांच्या घरी.

इन्सुलिनवरून आणखी एक. आपल्याकडे ४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची बाटली अशा दोन्ही मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. नातेवाईक औषधे पाठवतात तेव्हा बाटली एक आणि सिरिंज दुसरी, असे सहज होते. १०० च्या बाटलीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, की अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट गफलत झाली तर ८ च जातात आणि ‘साखर का उतरत नाही’ म्हणून आठवडाभर डोके खाजवले जाते. बाटली आणि सिरिंज एकाच पिशवीत, वर नाव लिहून ठेवणे एवढाच उपाय आहे, पैसे पडत नाहीत. (केशरी रंग लाल नव्हे, हे पिवळ्या बल्बखाली पाहणाऱ्याला सांगावे लागते.)

आता अंथरुणाला खिळलेल्यांचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम प्रत्येक संचालकाला तोंडपाठ असतो आणि भिंतीवर तक्ताही असतो. गणित मात्र कोणी मांडत नाही. तीस जणांच्या आश्रमात आठ जण खिळलेले धरा. एकाची कूस बदलणे, लंगोट पाहणे, लागल्यास बदलणे, चादर ताणणे, उशा लावणे याला दोन माणसांना दहा मिनिटे लागतात. आठ जणांची ऐंशी मिनिटे झाली. म्हणजे प्रत्येक दोन तासांतली ऐंशी मिनिटे दोन माणसे यातच गुंतलेली. उरलेल्या बावीस जणांपैकी कोणी हाक मारली, कोणी उठून चालू लागले, कोणाला उलटी झाली, तर तिसरे माणूस हवे. प्रत्यक्षात रात्रीला एकच मावशी आणि फाटकावर एक पहारेकरी असतो.

एकट्या मावशीला माणूस उचलता येत नाही, म्हणून ती ओढते. इथेच बिघडते. ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे सरकते आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. माकडहाडावर आधी लाल डाग येतो. त्या डागावर बोट दाबून उचलावे. पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिला, तर ती जखमेची सुरुवात आहे, वरून कातडी कितीही धड दिसो. त्यावर तेल चोळू नये, पावडर थापू नये. भोकाची रबरी गोल गादी तर मुळीच देऊ नये, ती कडेने रक्तपुरवठा तोडते. त्या जागेवरचा भार काढायचा, बस. पाठीमागे उशी देऊन अंग थोडेसेच कलते ठेवायचे, पूर्ण कुशीवर नव्हे, नाहीतर खुब्याचे हाड टोचते. पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

‘आमच्याकडे एअर बेड आहे’ हे उत्तर फार ऐकू येते. हवेच्या गादीचे कप्पे साधारण दर दहा मिनिटांनी आलटून-पालटून फुगतात, म्हणून उपयोग होतो. पंपाची कळ माणसाच्या वजनाप्रमाणे लावायची असते. ती शेवटापर्यंत फिरवलेली असली, की गादी लाकडासारखी होते. वर रबरी कापड, त्यावर घडी केलेली चादर, त्यावर आणखी एक पॅड घातले, की खालच्या हवेला काही अर्थ उरत नाही. वीज गेली की गादी हळूहळू बसते, म्हणून पंपाला इन्व्हर्टरची जोडणी हवी. तपासायचे कसे? माणूस झोपलेला असताना गादीच्या खाली, माकडहाडाच्या रेषेत, तळवा वर करून हात घालावा. हाताला हाड लागले तर ती गादी कामाची नाही. मधे निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे. आणि गादी असली तरी कूस बदलणे सुटत नाही.

कूस बदलल्याची वही जरूर मागून पाहावी. दहा, बारा, दोन, चार, सहा अशा पाचही नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाने, एका दमात लिहिलेल्या दिसल्या, तर समजावे की त्या सहा वाजता भरल्या आहेत. खऱ्या वहीत खाडाखोड असते. ‘२.४० – उशीर, शेजारच्या आजींना उलटी’ असे काहीतरी लिहिलेले असते. खाडाखोडीची वही आम्हाला जास्त विश्वासाची वाटते.

पडण्याचे प्रकार बहुधा पहाटे, शौचालयाच्या वाटेवर होतात. फरशी ओली असते हे खरे, पण तेवढेच नाही. लघवीची गोळी दिवसात दोनदा असेल तर दुसरी साधारण दुपारी चारच्या आत द्यायला हवी. तीच रात्रीच्या गोळ्यांबरोबर दिली की माणूस रात्रभर उठत राहतो. झोपेची गोळी घेतलेला माणूस अर्धवट ग्लानीत एकदम उभा राहतो, रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उठल्यावर पाय खाली सोडून दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसायचे, मग उभे राहायचे, ही सवय लावता येते. घंटा भिंतीवर दाराजवळ असून भागत नाही, दोरी उशीला अडकवलेली हवी. शौचालयापर्यंत जमिनीलगत मंद दिवा हवा. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे हवे, कारण आत पडलेला माणूस दाराला टेकूनच पडतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या खाटेला उंच कठडे लावून सुरक्षितता येते हाही गैरसमजच. ते कठडा ओलांडायला जातात आणि अधिक उंचीवरून पडतात. ओढणीने हात बांधणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. त्यापेक्षा खाट शक्य तितकी खाली आणावी आणि बाजूला जमिनीवर गादी टाकावी.

पहाटे चारच्या आंघोळींविषयी थोडे लिहायलाच हवे. सकाळची पाळी सातला येते. तोवर निम्म्यांच्या आंघोळी झालेल्या असाव्यात असा बऱ्याच ठिकाणी दंडक आहे, कारण दिवसा नाश्ता, डॉक्टरांची फेरी आणि पाहुणे असतात. म्हणून चारला दिवे लागतात, गाढ झोपेतून माणसे उठवली जातात, गारठ्यात गरम पाणी अंगावर येते, फरशी ओली होते आणि आठला तीच माणसे खुर्चीत डुलक्या घेत बसतात. मग दिवसा झोपल्यामुळे रात्री झोप येत नाही, म्हणून गोळी. हे चक्र आंघोळी दुपारी अकरा ते एकमध्ये नेल्या की तुटते. खर्च शून्य. वेळापत्रक बदलायचे एवढेच, पण तेवढेच अवघड.

पाळ्यांमधला अर्धा तास हाही धोक्याचा. माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणारे काळजीवाहक बारा-बारा तासांचे असतात, बदली माणूस उशिरा आला की आधीचा बस पकडायला निघतो आणि कोणी काय खाल्ले, कोणाला जुलाब झाले, कोणाची गोळी राहिली, हे त्याच्याबरोबर निघून जाते. पाळी सोपवणे खाटेपाशी उभे राहून झाले पाहिजे, फाटकात नव्हे.

आता कायद्याचे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची कल्पना मांडते आणि तिथल्या सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, लिफ्ट वगैरे निकष घातले. चांगलेच झाले. पण ते बिल्डरला लागू होतात आणि रुंद दारातून रात्री दोनला आत कोण येणार, हे सांगत नाहीत. आमची मागणी एकच आहे. वृद्धाश्रम सरकारी असो, संस्थेचा असो की खासगी, आज रात्री जागे राहणाऱ्यांची संख्या, त्यांपैकी प्रशिक्षित किती आणि खिळलेले रहिवासी किती, हे तीन आकडे दर्शनी फलकावर रोज खडूने लिहिणे सक्तीचे करावे. तपासणी अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी रात्री दहानंतर, न कळवता यावे.

परवडत नाही, असे उत्तर येईल. रात्रीचा आणखी एक माणूस साप्ताहिक सुट्टीच्या बदलीसकट महिना एकवीस हजारांना पडतो असे धरले, तरी तीस जणांत डोई सातशे रुपये होतात. नातेवाइकांनी टीव्ही किती इंची आहे हे विचारण्याऐवजी या सातशे रुपयांचे विचारावे. करारातली एक ओळही नीट वाचावी. ‘तब्येत बिघडल्यास नातेवाइकांना कळवले जाईल’ असे तिथे असते. मुलगा परदेशात असेल आणि फोन उचलला गेला नाही तर पुढे काय? ‘आधी रुग्णालयात नेऊ, मग कळवू’ असे लिहून घ्यावे. आधार कार्डाची प्रत, चालू औषधांची चिठ्ठी, ॲलर्जी आणि सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड एका पाकिटात, रात्रपाळीच्या टेबलावर ठेवलेले असावे.

आणि दात्यांना एक विनंती. पितृपक्षातले एका दुपारचे गोड जेवण मधुमेह्यांना त्रासाचे ठरते आणि दातांचे हाल करणारे वडे निम्मे तसेच परत जातात. त्याऐवजी रात्री साडेनऊचे दूध द्यावे. तीस जणांना २०० मिलिलिटरप्रमाणे रोज सहा लिटर लागते, महिन्याचे १८० लिटर. बिनसाखरेचे, कोमट, ज्यांना पातळ गिळताना ठसका लागतो त्यांच्यासाठी नाचणीचे सत्त्व घालून दाटसर. शक्य झाल्यास ते स्वतः नेऊन द्यावे, साडेनऊलाच. त्या वेळी आत कितीजण कामावर आहेत, तेही दिसेल.

आपले विश्वासू,
वृद्धसेवेत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका व काळजीवाहक, पुणे