खाडीचे पाणी आणि सीओडीचा आकडा

मा. संपादक,

माहीमची किंवा ठाण्याची खाडी किती दूषित आहे हे सांगताना बातम्यांत बीओडी (पाण्यातली घाण खाताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) हे आकडे येतात. त्यांतला सीओडी खाऱ्या पाण्यासाठी भरवशाचा नाही.

सीओडीच्या चाचणीत घाण जाळणारे डायक्रोमेट हे रसायन सेंद्रिय पदार्थांबरोबर मिठातल्या क्लोराइडवरही खर्च होते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. ते बांधून ठेवले नाही, तर सांडपाण्याचा थेंब नसतानाही सीओडी लिटरला ४३०० मिलिग्रॅमपर्यंत दिसू शकतो. बांधायचे तर क्लोराइडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार लागतो, म्हणजे २० मिलिलिटर नमुन्याला जवळजवळ ४ ग्रॅम. खाडी तपासताना एवढा पाऱ्याचा कचरा निर्माण करणे मला पटत नाही. बीओडी हवाच, पण जीवाणूंनी ३ दिवसांत जे खाल्ले तेवढेच तो सांगतो. तिवरांच्या चिखलातून ओहोटीला झिरपणारे चहाच्या रंगाचे टिकाऊ सेंद्रिय द्रव्य त्यात जवळपास येतच नाही.

म्हणून विरघळलेला सेंद्रिय कार्बन थेट मोजावा. काचतंतूंचा ०.७ मायक्रॉनचा फिल्टर आणि काचेच्या बाटल्या ४५० अंशांवर चार-पाच तास भाजून घ्याव्यात. नमुना घेताना होडीच्या डिझेलचा धूर किंवा उघडा हात लागू देऊ नये. पाणी हलक्या दाबानेच गाळावे. जोर लावला की प्लवकांच्या पेशी फुटतात आणि आकडा फुगतो. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ वर आणून कार्बनमुक्त हवेचे बुडबुडे सोडावेत, म्हणजे असेंद्रिय कार्बन वायू होऊन निघून जातो. या पायरीला घाई नको. समुद्राच्या पाण्यात असेंद्रिय कार्बन लिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम असतो, तर खुल्या समुद्रातला विरघळलेला सेंद्रिय कार्बन जेमतेम १. पंचविसातले दोन टक्के मागे राहिले, तरी एकाचा दीड होतो! पुढे यंत्रात प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर ६८० अंशांना कार्बन जळतो आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. उत्प्रेरकावर मीठ साचत जाते आणि आकडे हळूहळू सरकतात, त्यामुळे अधूनमधून शुद्ध पाणी व प्रमाण द्रावण चालवून पाहावेच लागते.

आणि भरती-ओहोटी. उधाणाला मुंबईत पाणी ४ मीटरहून जास्त चढते-उतरते. एकाच जागी भरतीला समुद्र हाती लागतो, ओहोटीला नाला. खाडीच्या मुखापासून आतपर्यंत नमुने घेऊन आलेखावर क्षारतेसमोर, म्हणजे पाण्याच्या खारेपणासमोर, कार्बन मांडावा. बिंदू सरळ रेषेत आले तर दोन पाण्यांची नुसती मिसळण आहे. रेषेच्या वर गेले तर वाटेत कुठेतरी भर पडते आहे, मग तो नाला असेल किंवा कांदळवन. खाली आले तर कार्बन जीवाणूंनी खाल्ला, उन्हाने मोडला किंवा गाळाला चिकटला. जीवाणूंनी खाल्लेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो आणि पाण्यातला प्राणवायू घटवतो. मासे गुदमरतात ते यानेच.

तपासणी करणाऱ्या यंत्रणांनी हे मोजमाप सुरू करावे. तोवर आपण खाडीच्या पाण्याचा कुठलाही आकडा छापताना नमुन्याची वेळ, भरती होती की ओहोटी आणि क्षारता या तीन गोष्टी सोबत छापाव्यात, ही विनंती.

— सागरी रसायनशास्त्राचा एक अभ्यासक, मुंबई